पुढच्या सीटचे पॉइंट

आमची जीप सकाळी हर्सूलहून निघते. गाडी चालवणारे चाचा तिथेच राहतात आणि मीही तिथलीच, त्यामुळे गाडीत पहिली चढणारी मी. कन्नडच्या पुढे एका गावात आमची शाळा आहे. तिथे शिकवणारे आम्ही सातजण शहरात राहतो आणि महिन्याच्या बोलीवर ही जीप लावून रोज जातो-येतो. याला अप-डाउन म्हणतात. अप-डाउन करणाऱ्या मास्तरांना गावातले लोक काय काय म्हणतात, ते मी इथे लिहीत नाही.

नऊ वर्षं मी रिकाम्या जीपमध्ये चढले आणि नऊ वर्षं मधल्या रांगेत खिडकीपाशी जाऊन बसले. चाचांच्या शेजारची पुढची सीट तेव्हा रिकामीच असायची. टीव्ही सेंटरला मराठीच्या मॅडम चढायच्या, त्या माझ्या शेजारी बसायच्या. नगर नाक्यावर इंग्रजीचे सर आणि आणखी तिघे चढायचे. इंग्रजीच्या सरांचे गुडघे दुखतात म्हणून ते आमच्या रांगेत, बाकीचे मागच्या आडव्या बाकांवर गुडघ्याला गुडघा लावून. मागे दाटी आणि पुढची सीट मोकळी, अशी ती गाडी अख्खं शहर ओलांडायची. मिटमिटा आलं की पीटीचे सर पुढचं दार उघडायचे, पाय लांब करून बसायचे आणि म्हणायचे, ‘‘हं, चला चाचा.’’

ती सीट त्यांची आहे असं कधी कुणी ठरवलं नव्हतं. ते वयाने इंग्रजीच्या सरांपेक्षा लहान, नोकरीत माझ्यापेक्षा दोन वर्षांनी नवे. पण काही माणसं कुठेही गेली तरी त्यांची जागा आधीच धरलेली असते, आणि काही माणसांना रिकामी जागासुद्धा दिसत नाही. मी दुसऱ्या जातीची, हे मला उशिरा कळलं. आणि ते एका खेळामुळे कळलं, तोही इंग्लंडातला, जिथे मी कधी जाणार नाही.

खेळ आणला नवीन सरांनी. हे विज्ञानाचे शिक्षण सेवक, त्या जूनमध्येच लागलेले. ऑगस्टच्या एका सकाळी त्यांनी मागच्या बाकावर बसून सगळ्यांना मोबाइलवर दाखवायला सुरुवात केली आणि मी मान न वळवता ऐकत होते.

खेळ असा. इंग्लंडात फुटबॉलची मोठी लीग चालते, वीस संघांची. त्या खऱ्या संघांतल्या खऱ्या खेळाडूंमधून आपण मोबाइलवर आपला पंधरा जणांचा संघ निवडायचा. हातात खोट्या पैशांचे शंभर असतात, तेवढ्यात पंधरा जण बसवायचे. नावाजलेला खेळाडू एकटाच तेरा-चौदा खातो, साधा साडेचारला मिळतो. एका संघातून तिघांपेक्षा जास्त घ्यायचे नाहीत. दर आठवड्याला पंधरातले अकरा उतरवायचे, चार बाकावर ठेवायचे. मग शनिवार-रविवारी ते खेळाडू तिकडच्या मैदानावर जे काही करतील त्याचे पॉइंट इकडे आपल्याला. तासभर मैदानात टिकला की दोन. गोल केला की चार, पाच किंवा सहा, तो कुठल्या जागेवर खेळतो त्याप्रमाणे. गोलसाठी पास दिला की तीन. संघावर एकही गोल झाला नाही तर बचाववाल्यांना आणि गोलकीपरला चार-चार. पिवळं कार्ड दाखवलं की एक वजा. एकाला कॅप्टन करायचं, त्याचे पॉइंट दुप्पट. दर आठवड्याला एक खेळाडू फुकट बदलता येतो, त्यावर हौस करायची असेल तर प्रत्येक बदलाला चार पॉइंट कापून घेतात. आणि आठवड्यातल्या पहिल्या सामन्याच्या दीड तास आधी कुलूप. त्यानंतर तुमच्या कॅप्टनचा पाय मोडला तरी बसा हरी हरी करत.

पीटीच्या सरांच्या अंगात तर वारंच शिरलं. ते तरुणपणी जिल्ह्याच्या संघातून फुटबॉल खेळलेले, आणि आमच्या शाळेत मैदान असून नसल्यासारखं, दगडगोट्यांचं. वर्षानुवर्षं त्यांना पोरांना व्हॉलीबॉलच शिकवावा लागला. फुटबॉलवर त्यांचा खरा जीव होता, हे मी कबूल करते. त्यांनीच उत्साहात नियम काढला: जीपची स्वतःची लीग. सोमवारी सकाळी ज्याचे पॉइंट सगळ्यात जास्त, तो आठवडाभर पुढच्या सीटवर बसणार. ज्याचे सगळ्यात कमी, तो मागे स्टेपनीजवळच्या कोपऱ्यात बसून सगळ्यांच्या डब्याच्या पिशव्या मांडीवर घेणार. स्वतः होऊन त्यांनी सीट पणाला लावली, कारण ती आपल्याकडून जाईल असं त्यांच्या मनातही नव्हतं.

‘‘मला पण घ्या,’’ मी मधल्या रांगेतून म्हणाले.

गाडीत हशा पिकला. मोठा नाही, शेजारच्या माणसाकडे बघून हसतात तसा.

‘‘मॅडम, हे फुटबॉल हाय,’’ पीटीचे सर पुढून म्हणाले. ‘‘गणित नाय.’’

‘‘आत्ता तुम्ही दहा मिनिटं नुसती बेरीज-वजाबाकी सांगत होता.’’

‘‘घ्या हो ह्यांना बी,’’ ते नवीन सरांना म्हणाले. ‘‘शेवटल्या नंबरला कुणीतरी पायजेच की.’’

नवीन सरांनी मला लीगचा कोड पाठवला. सहा जणांची लीग झाली. मराठीच्या मॅडम तेवढ्या राहिल्या, त्यांनी मला कोपराने ढोसून विचारलं, ‘‘अहो, कशाला नसती उठाठेव?’’ शेवटल्या नंबरला कुणीतरी पाहिजे, हे वाक्य मला झोंबलं होतं, एवढंच मला माहीत होतं.

पहिल्या आठवड्यात मी खरंच शेवटची आले. एकवीस पॉइंट. ज्याचं नाव टीव्हीवर ऐकलं होतं त्याला तेरा देऊन घेतलं आणि कॅप्टन केलं. तो जखमी होता, हे त्याच्या नावापुढच्या लाल खुणेवरून सांगितलेलं होतं, पण ती खूण मला शोभेची वाटली. दोन गोलकीपर घेतले ते दोघेही आपापल्या संघात दुय्यम, वर्षभर नुसते कोट घालून बाकावर बसणारे. सोमवारी गाडीत माझ्या संघाचं जाहीर वाचन झालं. सगळे पोट धरून हसले, मीही हसले, कारण खरंच हसण्यासारखं होतं.

पण त्याआधी, नगर नाका आला तेव्हाच मी उठून मागे जायला लागले, तर पीटीच्या सरांनी मिटमिट्याहून फोन करून नवीन सरांना सांगितलेलंच होतं, ‘‘मॅडमला मागं नका बसवू. बाईमाणूस हाय, बरं दिसत नाय.’’ आणि नवीन सर आपले पिशव्या गोळा करायला लागले.

‘‘शेवटचं कोण आलंय?’’ मी विचारलं.

‘‘तुम्ही, मॅडम. पण राहू द्या ना.’’

‘‘राहू कशाला द्यायचं? द्या इकडे पिशव्या.’’

मी मागे गेले. स्टेपनीशेजारी साठ किलोमीटर बसले, सात डबे मांडीवर घेऊन. कुणाची तरी वांग्याची भाजी माझ्या साडीवर सांडली. मराठीच्या मॅडम मागे वळून वळून बघत होत्या, मला उन्हात उभं केल्यासारखं. मला मात्र एक गोष्ट तिथे बसून लख्ख दिसली. मला शिक्षा माफ करणारे उद्या मला बक्षीसही माफ करतील. हरले तर मागे बसणार, म्हणजे मग जिंकले तर पुढे बसणार. म्हणून आठवडाभर मी तो कोपरा सोडला नाही.

त्यानंतर मी खेळ शिकले, माझ्या पद्धतीने.

माझ्या वर्गात पटावर चव्वेचाळीस पोरं आहेत. दिवाळीनंतर कापूस वेचणी आणि ऊसतोड सुरू झाली की समोर वीस-बावीस दिसतात. इतकी वर्षं शिकवून मला एक कळलंय: हुशार पोर आठवड्यातून दोनदा आलं तर त्याचं काही होत नाही, आणि बेताचं पोर रोज आलं तर ते पास होतं. हा खेळही तोच होता. सगळे गोल करणाऱ्यांच्या मागे लागलेले, आणि ते गोल करणारे कधी थकलेले, कधी रुसलेले, कधी साठाव्या मिनिटाला बाहेर काढलेले. मी मागच्या वर्षीच्या हजेरीपटाची उरलेली कोरी पानं घेतली आणि त्यावर खेळाडूंची नावं घातली. उभ्या घरांत आठवडे. पूर्ण खेळला की हजर, मध्येच उतरला की अर्धा दिवस, नाही खेळला की लाल शाईने गैरहजर. कुणाची नावं मला उच्चारता येत नव्हती, पण हजेरी घेताना नावाच्या अर्थाशी काय करायचंय?

महिनाभरात त्या पटावर मला दिसायला लागले रोज शाळेत येणारे. खालच्या संघांतले साडेचार-पाचवाले बचावपटू, ज्यांचा फोटो कुठे छापून येत नाही. असे पाच मी धरले. त्यांच्यातून जे वाचलं त्यात दोन महागडे घेतले आणि कॅप्टन मात्र त्या आठवड्यात कुणाची गाठ सगळ्यात गळक्या संघाशी आहे ते बघून ठरवला. खेळाडूवर प्रेम करायचं नाही. पीटीच्या सरांचं लाल जर्सीवाल्या एका संघावर प्रेम होतं. त्या संघातले तीन ते डोळे झाकून घ्यायचे आणि त्या संघाविरुद्ध खेळणारा माणूस कधी घ्यायचे नाहीत. ‘‘घरच्या विरोधात मत देऊ का?’’ असं म्हणायचे.

ऑक्टोबरपर्यंत मी चौथी, मग तिसरी; पहिले बहुतेक पीटीचे सरच. डिसेंबरात एका आठवड्यात माझ्या पाचपैकी चार बचाववाल्यांच्या संघांवर गोलच झाला नाही आणि मी पहिली आले. सोमवारी मी सवयीने मधेच बसलेले. मिटमिट्याला पीटीच्या सरांनी पुढचं दार उघडलं आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, ‘‘मॅडम, थंडी लई हाय. पुढं वारं लागतं. तुमी आतच बसा.’’ आणि बसले.

मी गप्प बसले. याचा मला आजही राग येतो, त्यांचा नाही, माझा. जानेवारीत पुन्हा पहिली आले. या वेळेला पुढे इंजिनाची गरमी लागते असं निघालं. एकाच सीटवर महिन्यापूर्वी थंडी आणि आता गरमी.

मग दुसरंच सुरू झालं. टीम कोण लावतं? ‘‘मिस्टर लावून देत असतील,’’ मागून कुणीतरी म्हणालं. माझे मिस्टर पैठणला पाटबंधारे खात्यात आहेत, शनिवारी घरी येतात. त्यांना फुटबॉलमधलं एवढंच कळतं की बॉलला हात लावायचा नसतो. मुलगी पुण्यात शिकते, तिला मी विचारलं होतं तर म्हणाली, आई, तू बरी आहेस ना? भाचा नाही, पुतण्या नाही. पण माझ्या मागे कुणीतरी पुरुष असणारच, याची त्या गाडीला इतकी खात्री की ते त्याचं नुसतं नाव विचारत होते.

फेब्रुवारीत मी तिसऱ्यांदा पहिली आले आणि त्या सोमवारी मिटमिट्याला मी बोलले. ‘‘सर, आज पुढची सीट माझी आहे.’’

पीटीचे सर हसले. दार उघडून एक पाय आत ठेवलेला होता. ‘‘आता जीपमधी बी राखीव जागा ठेवायची का मॅडम?’’

कुणी हसलं नाही. इंग्रजीचे सर चष्मा पुसायला लागले. मी बौद्ध आहे, हे गाडीत सगळ्यांना माहीत होतं, जसं कुणाचं काय ते सगळ्या गाडीला माहीत असतं. नऊ वर्षांत त्यावर कुणी काही बोललं नव्हतं. पीटीच्या सरांनाही ते बोलून गेल्यावर कळलं असावं, कारण ते पटकन बसले आणि ‘‘चला चाचा’’ म्हणाले.

माझे वडील पैठणकडच्या एका गावचे. त्यांनी मला एकदा सांगितलं होतं की पहिल्यांदा मत द्यायला ते पुढाऱ्याच्या जीपमधून गेले. आमच्या वस्तीतली बारा-पंधरा माणसं मागे उभी, एकमेकांना धरून. ड्रायव्हरशेजारची सीट रिकामी होती. कुणी त्यांना तिथे बसू नका असं म्हणालं नव्हतं. वडील हे सांगताना चिडलेले नव्हते, हसून सांगत होते, आणि मला तेच सहन झालं नव्हतं. त्या सोमवारी कन्नडपर्यंत मी तेवढाच विचार करत होते की बाबांनी निदान मागे उभं राहून त्या सीटकडे बघितलं तरी. मी नऊ वर्षं तिच्या शेजारून आत गेले आणि बघितलंसुद्धा नाही.

दुपारच्या सुट्टीत मी स्टाफरूममध्ये पीटीच्या सरांसमोर जाऊन उभी राहिले. ‘‘सर, राखीव जागेवरच शिकले, राखीव जागेवरच नोकरीला लागले. मला त्याची लाज नाही, तुम्हाला वाटत असेल तर ती तुमची अडचण. पण ही सीट पॉइंटची आहे. नियम तुमचाच आहे.’’

‘‘अवो मॅडम, मजाक केली. तुमी लईच मनाला लावून घेता.’’

‘‘घेते,’’ मी म्हणाले. ‘‘पुढच्या वेळेला मी पहिली आले की बसणार. विचारणार नाही.’’

मार्च कोरडा गेला, दोनदा दुसरी आले. दर शनिवारी दुपारी पीटीचे सर ग्रुपवर एकच शब्द टाकायचे: ‘साडेचार’. म्हणजे संघाला कुलूप साडेचारला, त्याआधी काय करायचं ते करा. ऑगस्टमध्ये ही वेळ साडेतीन होती. ऑक्टोबरच्या शेवटाला इंग्लंडातले लोक आपली घड्याळं एक तास मागे घेतात, तेव्हापासून ती आपल्याकडे साडेचार झाली होती. ॲपमध्ये वेळ लिहिलेली असते, पण आमच्या गाडीत ॲप कुणी वाचत नसे. पीटीचे सर सांगतील ती वेळ. कुणी शनिवारी बाजाराला गेलेलं, कुणी झोपलेलं, सव्वाचारला उठून घाईघाईने दोन बदल करायचे, हा सगळ्यांचा शिरस्ता पडला होता. मार्चच्या शेवटी तिकडची घड्याळं पुन्हा एक तास पुढे जातात. माझ्या हजेरीपटाच्या वरच्या ओळीत प्रत्येक आठवड्याची कुलपाची वेळ लिहिलेली होती, म्हणून ते मला दिसलं.

एप्रिलचा पहिला शनिवार. सकाळची शाळा करून बाराच्या सुमाराला घरी आले, तर ग्रुपवर आलेलंच होतं: ‘साडेचार’.

मी फोन खाली ठेवला. भाकरी थापत विचार केला. गप्प बसले असते तर पाचही जणांचे जुने संघ तसेच अडकले असते आणि मी आपोआप पहिली आले असते. मला मोह झाला नाही असं नाही. पण मग सोमवारी त्यांनी म्हटलं असतं, आम्ही चुकलो म्हणून तुम्ही जिंकलात. ही सीट मला तशी नको होती. पिठाच्या हातानेच मी ग्रुपवर टाकलं: ‘आज साडेतीनला बंद होणार आहे. तिकडची घड्याळं बदलली. सगळ्यांनी बघून घ्या.’

पीटीच्या सरांचं उत्तर लगेच आलं. हसून डोळ्यांत पाणी आलेली तीन तोंडं आणि खाली: ‘मॅडम, आम्ही शाळेत होतो तवापासून मॅच बघतोय.’

बाकी कुणी काही लिहिलं नाही.

रविवारी रात्री उशिरापर्यंत सगळे सामने संपले. माझे अडुसष्ट. इंग्रजीचे सर एकसष्ट, त्यांनी माझा निरोप वाचून गुपचूप वेळेत बदल केले होते. नवीन सरांनीही केले होते, त्यांचे पंचावन्न. पीटीचे सर चार वाजता बसले तेव्हा कुलूप लागलेलं होतं. त्यांचे दोन खेळाडू उतरलेच नाहीत आणि कॅप्टनने पिवळं कार्ड घेतलं. त्यांचे एकतीस, सगळ्यात कमी.

सोमवारी पावणेसहाला हर्सूलला जीप उभी होती. मी पुढचं दार उघडलं आणि बसले. चाचांनी माझ्याकडे बघितलं, मग शिवार उजळत होतं तिकडे बघितलं.

‘‘आज आगे, मॅडम?’’

‘‘हो चाचा. पहिली आले.’’

‘‘हौ, बैठो ना. सीट पे किसी का नाम थोडी लिखेला है.’’

टीव्ही सेंटरला मराठीच्या मॅडमनी मधल्या रांगेत माझी जागा रिकामी बघितली आणि ‘‘अगं बाई’’ म्हणाल्या. नगर नाक्यावर चौघे चढले आणि आपापल्या जागी बसले.

मिटमिट्याला पीटीच्या सरांनी दार उघडलं. मी दिसले. ते दार धरून तसेच उभे.

‘‘मॅडम, उतरा. हा आठवडा बाद हाय.’’

‘‘का?’’

‘‘टाइमचा घोळ झालाय. सगळ्यांनाच माहीत नव्हतं.’’

‘‘मी ग्रुपवर टाकलं होतं. तुम्ही उत्तरही दिलं.’’

‘‘ते काय बी असू द्या. उतरा, उशीर होतोय.’’

‘‘मी उतरणार नाही, सर.’’

ते चाचांना म्हणाले, ‘‘चाचा, सांगा ओ ह्यांना.’’ चाचांनी गाडी बंद केली आणि हात मांडीवर ठेवले. सकाळच्या शाळेला सव्वासातला हजेरीपुस्तकात सही लागते, त्यानंतर लाल शेरा. मिटमिट्यावरून शाळा तासाच्या वर. गाडीतल्या प्रत्येकाने मनगटावर नाहीतर मोबाइलवर बघितलं. मागून कुणीतरी म्हणालं, ‘‘मॅडम, जाऊ द्या ना, कशाला ताणता एवढ्याशा गोष्टीला?’’

‘‘एवढीशी आहे ना? मग सरांना सांगा, मागे बसा म्हणून.’’

पाच मिनिटं गेली. एक एसटी आमच्या शेजारून कन्नडकडे गेली. मी पर्स मांडीवर घट्ट धरली. मला लाल शेरा चालणार होता. नऊ वर्षांत एकही नव्हता माझा, पण त्या दिवशी चालणार होता. उतरायला लावलं असतं तर मी दुसऱ्या दिवसापासून एसटीने गेले असते, आणि ती जीप पुन्हा कधी चढले नसते. हे मी रात्री ठरवूनच झोपले होते.

बोलले ते इंग्रजीचे सर, खिडकीबाहेर बघत. ‘‘मी वेळेत बदल केले होते. तरी मला त्यांनी सात पॉइंटांनी हरवलं. आठवडा बाद कसा होईल?’’ आणि नवीन सर मागून म्हणाले, ‘‘सर, या. इकडं जागा केलीय.’’

पीटीच्या सरांनी दार लावलं, आपटलं नाही. मागे वळसा घालून गेले आणि स्टेपनीजवळ बसले. पिशव्या त्यांनी स्वतःच मागून घेतल्या. गाडी निघाली. आम्ही सव्वासातला दोन मिनिटं कमी असताना पोचलो.

खरं सांगायचं तर ती सीट काही फार चांगली नाही. इंजिनाची गरमी खरंच लागते, डाव्या पायाला तर चटकेच. खालची गादी एका बाजूने बसलेली आहे. समोरून येणारा ट्रक आपल्याच अंगावर येतोय असं वाटतं. शनिवारपर्यंत सहा दिवस माझी कंबर भरून आली होती. पण मी सहाही दिवस बसले, जाताना आणि येताना, आणि पाय लांब केले.

पुढच्या आठवड्यात माझ्या बचाववाल्यांनी दगा दिला, मी तिसरी आले. पहिले नवीन सर. सोमवारी हर्सूलला मी मधल्या रांगेत बसले. नगर नाक्यावर नवीन सर खाली घुटमळले, चढेचनात. ‘‘मॅडम, तुम्ही पुढं जा ना,’’ म्हणाले. मला कळेना. ते म्हणाले, ‘‘आमचं काल ग्रुपच्या बाहेर बोलणं झालं. पीटीचे सर म्हणाले, ती सीट आता लेडीजचीच करून टाकू. कायमची. पॉइंटचं कशाला, भांडणं होतात. तुम्ही बसत जा रोज.’’

मराठीच्या मॅडमनी माझा हात दाबला. त्यांना आनंद झाला होता.

एक सबंध हिवाळा मी ज्या सीटसाठी पट आखले ती मला देऊन टाकत होते, आणि देऊन टाकताना माझे अडुसष्ट पॉइंट पुसून टाकत होते. परत ते देणारे आणि मी घेणारी. आता मी पहिली आले काय आणि शेवटची आले काय, मी तिथे बसणार होते ती बाई म्हणून, आणि पीटीच्या सरांना ती सीट कधी माझ्याकडून हरावी लागणार नव्हती.

‘‘तुमचे पॉइंट किती?’’ मी नवीन सरांना विचारलं.

‘‘चौसष्ट.’’

‘‘माझे पन्नास. बसा पुढे.’’

‘‘पण मॅडम, सर म्हणाले...’’

‘‘सरांना मी सांगते. बसा.’’

ते बसले, अर्ध्या सीटवर, अवघडून. मिटमिट्याला पीटीच्या सरांनी पुढे नवीन सरांना बघितलं, मग मधे मला बघितलं. ‘‘काय मॅडम? दिलेली सीट बी नको?’’

‘‘दिलेली नको, सर,’’ मी म्हणाले. ‘‘या शनिवारी तुम्हाला हरवून घेईन.’’